चाल कोणाची, हे आधी सांगा

२०२४च्या ऑक्टोबरअखेर निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या व्हिडिओ गेममधले संगीत ऐकवणारे एक ॲप सुरू केले. मारिओ, झेल्डा, डॉन्की काँग असा चाळीस वर्षांचा खजिना त्यात आहे. आवाज स्वच्छ, मांडणी देखणी, एखादी चाल आवडली तर ती तासभर अखंड वाजत ठेवण्याचीही सोय. फक्त त्या चाली बांधल्या कोणी, हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नव्हती. गाण्यापाशी खेळाचे नाव होते, खेळातले चित्र होते. संगीतकाराच्या नावाला मात्र जागा नव्हती.

१९८५ साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला, तेव्हाही कोजी कोंडो हे नाव पडद्यावर उमटले नव्हते. मधल्या काळात त्याची ती चाल जगभरच्या पोरांनी शिट्टीवर वाजवली, मोठमोठ्या वाद्यवृंदांनी सभागृहांत वाजवली. २०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत तिला घेतले. व्हिडिओ गेमच्या संगीताला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. परदेशातल्या ग्रंथालयाला जो माणूस ठाऊक आहे, तो त्याच्या स्वतःच्या कंपनीच्या ॲपला ठाऊक नसावा, याला विसरभोळेपणा कसे म्हणायचे?

आता दुसरी बाजू बघा. याच चाली घेऊन त्यांना नवा साज चढवणारी हौशी मंडळी अमेरिकेत डेव्हिड लॉइड या तरुणाने १९९९ साली सुरू केलेल्या ‘ओव्हरक्लॉक्ड रिमिक्स’ या उपक्रमाभोवती जमली आहेत. कोणी पियानोवर वाजवतो, कोणी इलेक्ट्रिक गिटारवर, कोणी सगळा वाद्यमेळ संगणकावरच उभा करतो. ऐकायला पैसे नाहीत, उतरवून घ्यायला पैसे नाहीत. पण शिस्त कडक. मूळ गाण्याखाली नुसता ढोलाचा ठेका सरकवून दिला तर ते गाणे परत येते. परीक्षकांपुढे आलेल्या गाण्यांतली बरीचशी परत जातात. जे निवडले जाते त्याच्यासोबत खेळ कोणता, मूळ चाल कोणती, ती कोणाची आणि नवी मांडणी कोणाची, हे सारे लिहिलेले असते. वकिलांची फौज पदरी बाळगणाऱ्या कंपनीला जे सुचले नाही, ते बिनपगारी पोरे गेली पंचवीस वर्षे बिनतक्रार करत आली आहेत.

माझे म्हणणे एवढेच आहे की दुसऱ्याची चाल घेण्यात पाप नाही. घेऊन तिच्यावरचे नाव खरवडून टाकण्यात आहे. आणि हे मी जपान्यांना किंवा अमेरिकनांना ऐकवायला लिहीत नाही. त्यांच्याकडे निदान नाव शोधणारे तरी आहेत.

चाल घेण्याबद्दल आधी बोलू, कारण आपल्याकडचे सोवळे लोक तिथेच अडतात. ‘मूळ ते मूळ, त्याला हात लावू नये’ असे म्हणणाऱ्याने ‘टेट्रिस’ आठवावा. गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रावर १९८९ साली तो आला, तेव्हा त्याच्यासोबत जी चाल घरोघर गेली ती एका जुन्या रशियन लोकगीताची. हिरोकाझू तानाकाने ती त्या यंत्रासाठी बांधली. त्याच खेळात आणखी एक चाल निवडता येते, ती बाखची. इंग्लंडमध्ये रॉब हबर्डने ‘मॉन्टी ऑन द रन’साठी केलेल्या गाजलेल्या संगीतात चार्ल्स विल्यम्सच्या जुन्या रेडिओ-धुनेचा वारसा उघड ऐकू येतो. म्हणजे आज ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो, ते स्वतःच कोणाचे तरी रिमिक्स. आणि कोंडोची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १९८६च्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’च्या सुरुवातीला त्याला राव्हेल या फ्रेंच संगीतकाराची ‘बोलेरो’ वाजवायची होती. ऐनवेळी कळले की तिचा स्वामित्वहक्क अजून संपलेला नाही. मग त्याने घाईघाईने स्वतःची चाल बांधली. आज जिच्या हजारो आवृत्त्या वाजतात ती झेल्डाची चाल दुसऱ्याच्या हक्काचा मान राखण्यातून जन्मली आहे.

या चालींना पुन्हा पुन्हा नवा साज चढवावासा का वाटतो, याचे कारण त्यांच्या घडणीत आहे. निन्टेन्डोच्या त्या काळच्या घरगुती यंत्रात आवाजासाठी पाच वाटा होत्या. दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी लहरीची, एक नुसत्या खरखराटाची आणि एक तुटपुंज्या ध्वनिमुद्रित तुकड्यांची. खेळात उडी मारल्याचा किंवा नाणे उचलल्याचा आवाज यायचा, तेव्हा त्यातलीच एखादी वाट घटकाभर गाण्याकडून हिसकावून घ्यावी लागे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा खेळ चित्रांसकट चाळीस किलोबाइटांत बसवलेला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याच्या कितीतरी पट भरतो. कमोडोर ६४ या संगणकातल्या चिपला तर तीनच आवाज. तिन्ही एका स्वरसंगतीत गुंतवले तर चालीला जागा उरत नाही, म्हणून संगीतकार एकाच आवाजात तीन स्वर एकामागोमाग इतक्या झपाट्याने फिरवत की कानाला एकसंध स्वरसंगत वाटावी. त्यातून जो थरथरता, किंचित किणकिणता नाद आला, तीच पुढे त्या संगीताची ओळख झाली. मार्टिन गॉलवे आणि हबर्ड यांच्या रचना आजही लोक यासाठी ऐकतात. जागेअभावी जे सूचित करून सोडावे लागले, ते उलगडून दाखवणे हे चांगल्या रिमिक्सचे काम. तो उलगडणारा मूळ रचनेच्या इतक्या आत जातो की संगीतकाराची प्रत्येक काटकसर आणि प्रत्येक चलाखी त्याला कळते. असा माणूस मूळ नाव विसरू शकत नाही. विसरतो तो वरवर ऐकणारा.

मग ही नावे गेली कुठे? काही मालकांनीच लपवली. ऐंशीच्या दशकात जपानी कंपन्यांना धास्ती होती की खऱ्या नावांची यादी छापली तर प्रतिस्पर्धी आपली माणसे पळवतील. म्हणून खेळाच्या शेवटी टोपणनावे येत. ‘मेगा मॅन’चे संगीत मानामी मात्सुमाएचे, यादीत नाव ‘चान्चाकोरिन मानामी’. ‘कॅसलव्हेनिया’च्या रात्रीच्या भयाला स्वर देणारी किनुयो यामाशिता, यादीत ‘जेम्स बनाना’, ब्रिटिश भयपटांच्या संगीतकाराच्या नावावरची थट्टा. ‘स्ट्रीट फायटर २’चे बहुतांश संगीत योको शिमोमुराचे, तिच्याही वाट्याला टोपणनावच. पुरुषांची नावेही लपवली गेली, हे खरे. पण या तिघी बायका आहेत, तेव्हा पंचविशीच्या आतल्या. जगातल्या लक्षावधी मुलग्यांना ज्या चाली तोंडपाठ होत्या, त्या बायकांनी बांधलेल्या आहेत हे त्या मुलग्यांना कित्येक वर्षे कळले नाही. ‘व्हिडिओ गेम म्हणजे मुलांचे खेळणे’ असे आपल्याकडे आजही छातीठोक सांगणाऱ्या काकांना ही माहिती भेट द्यावी.

नाव मागून घेणाराही निघाला. युझो कोशिरो कंपनीचा पगारी नोकर नव्हता. १९९१च्या ‘स्ट्रीट्स ऑफ रेज’च्या पहिल्याच पडद्यावर, शीर्षकाच्या जोडीला, संगीत युझो कोशिरो असे ठळक झळकले. कंपनी बुडाली नाही, खेळही कमी खपला नाही.

नाव नसले की काय होते, याचा धडा २००७ साली मिळाला. फिनलंडच्या यान्ने सुनीने ॲमिगा संगणकावर ‘ॲसिडजॅझ्ड इव्हनिंग’ ही धून रचली होती. हेलसिंकीच्या असेम्ब्ली महोत्सवात २०००च्या स्पर्धेत ती पहिली आली. नॉर्वेच्या ग्लेन रुने गालेफॉसने तिचे कमोडोर ६४साठी रूपांतर केले, सुनीचे नाव घेऊनच. ती काही खेळातली धून नव्हती, पण त्याच चिपच्या, त्याच हौशी जगातली. पुढे गायिका नेली फर्टाडोच्या ‘डू इट’ या गाण्यात लोकांना तीच धून ऐकू आली. निर्माता टिंबलंड, अमेरिकी संगीतव्यवसायातला बडा असामी. आपण तो तुकडा घेतल्याचे त्याने नाकारले नाही. त्याचा बचाव असा की कुठेतरी कानावर पडलेले घेणे वेगळे आणि चोरणे वेगळे. त्यावर कोणाचे नाव लिहिलेले नव्हते. आणि ते तर कुठल्याशा व्हिडिओ गेममधले आहे. दावा अमेरिकी न्यायालयात गेला आणि नोंदणीच्या तांत्रिक मुद्द्यावर फेटाळला गेला. धून कोणाची, हा प्रश्न तिथे मूळ मुद्दा म्हणून तपासलाच गेला नाही. त्या बचावातले शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. ‘व्हिडिओ गेममधले आहे’ म्हणजे जणू रस्त्यावर पडलेले, बेवारस. ज्या संगीताला समाज प्रतिष्ठा देत नाही त्याच्या कर्त्याला नाव नसते, आणि ज्याला नाव नसते त्याला लुटायला कोणाला लाज वाटत नाही.

महाराष्ट्रात हे संगीत आले तेच मुळी बेवारस होऊन. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे ‘लिटल मास्टर’सारखे गेम घरोघर आले. निन्टेन्डोच्या यंत्राची ती नक्कल. त्यांच्यासोबतच्या पिवळ्या कॅसेटींवर ‘९९९९ इन १’ छापलेले असे आणि आत जेमतेम काही डझन खेळ, तेच ते उलटसुलट करून. नक्कल करणाऱ्यांनी पडद्यावरून कंपनीचे नावच उडवलेले असे, तिथे संगीतकाराला कोण विचारतो! सुट्टीत पुण्यापासून परभणीपर्यंत ‘कॉन्ट्रा’ वाजत होता. त्याची घरगुती आवृत्ती १९८८ची, आणि तिच्या अखेरच्या यादीत हिदेनोरी माएझावा आणि कियोहिरो सादा ही ध्वनीची नावे येतात, तीही आद्याक्षर आणि आडनाव एवढीच. तीस जिवांची युक्ती वापरून शेवटपर्यंत पोचलेल्यांनीही ती वाचली असतील असे वाटत नाही. त्या पिढीला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. दहा वर्षांच्या मुलाला काय ठाऊक असणार?

पण ती मुले आज चाळिशीत आहेत. त्यांतली काही याच चाली बासरीवर, हार्मोनियमवर, गिटारवर वाजवून व्हिडिओ टाकतात. उत्तम वाजवतात. वाजवणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत, त्याखाली गिटार कोणत्या कंपनीचे, माइक कोणता, कॅमेरा कोणता. चाल कोणाची? ‘बचपन की यादें’. आता ही माहिती मिळत नाही अशी सबब उरलेली नाही. कोणत्या खेळातली कोणती चाल कोणाची, याच्या याद्या हौशी लोकांनी वर्षानुवर्षे खपून, मुलाखती धुंडाळून, टोपणनावांच्या मागची माणसे शोधून तयार करून ठेवल्या आहेत. शोधायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही.

आणि गणपतीच्या मिरवणुकीतले रिमिक्स? (विषय थोडा सुटतो आहे, पण हे लिहिल्यावाचून राहवत नाही.) तिथे गाणे सुरू होण्याआधी डीजेचे नाव तीनदा गरजते, मधे दोनदा, शेवटी पुन्हा एकदा. मूळ गायक, शाहीर, संगीतकार यांचे नाव अख्ख्या रात्रीत एकदाही नाही. २००२ साली ‘काँटा लगा’च्या रिमिक्सने देश हलवला, तेव्हा ते १९७२च्या ‘समाधी’तले राहुलदेव बर्मन यांचे गाणे आहे हे नव्या ऐकणाऱ्यांतल्या किती जणांना माहीत होते? लाज वाटावी ती याची, की ज्या महाराष्ट्रात संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा उल्लेख करण्याची रीत होती, तिथे हे चालले आहे. नाटककार ती चाल कानडीतून घेवो, लावणीतून घेवो की एखाद्या खाँसाहेबांच्या बंदिशीवरून, कुठून घेतली ते सांगण्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता. प्रेक्षकालाही त्यामुळे पद उसने वाटत नव्हते.

कायद्याचे बोट धरून हा प्रश्न सुटत नाही, पण कायदा काय म्हणतो ते पाहणे उद्बोधक आहे. जपानच्या कायद्यात, नोकरीत केलेल्या आणि कंपनीच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या कामाचा कर्ता, वेगळा करार नसेल तर, कंपनीच मानली जाते. म्हणजे मालकीच नव्हे, कर्तेपणही गेले. आपला १९५७चा कायदा इथे अधिक माणुसकीचा आहे. नोकरीतल्या कामाची पहिली मालकी सहसा मालकाची. पण कलम ५७ म्हणते की हक्क विकून टाकले तरी ‘हे मी केले आहे’ असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो, आणि त्याची नाचक्की होईल अशी मोडतोड कोणी केली तर तो दाद मागू शकतो. २०१२च्या दुरुस्तीने आलेले कलम ३१सी हे ‘कव्हर’ आवृत्तीसाठी पाच वर्षांचा अवधी, आगाऊ मानधन आणि ‘ही मूळ आवृत्ती नव्हे’ असा स्पष्ट उल्लेख मागते. रचनेत मनमानी बदल करू देत नाही. रिमिक्स करणाऱ्यांपैकी हे कलम वाचलेला मला अजून भेटायचा आहे.

आईवडिलांची तक्रार वेगळी असते. पोरगा रात्रभर जागून जुन्या गेमचे गाणे पुन्हा वाजवत बसतो, यातून मिळणार काय? त्यांना एक हिशेब दाखवतो. ‘मेगा मॅन’ आणि ‘स्ट्रीट फायटर’ काढणाऱ्या ज्या कॅपकॉम कंपनीने एकेकाळी संगीतकारांना टोपणनावांआड ठेवले, तिनेच २००८ साली ‘स्ट्रीट फायटर’च्या नव्या आवृत्तीचे सारे संगीत ओव्हरक्लॉक्ड रिमिक्सच्या हौशी मंडळींकडून करून घेतले. त्यांना बोलावणे आले ते त्यांचे काम वर्षानुवर्षे उघड, नावानिशी, मूळ कर्त्याला मान देऊन मांडलेले होते म्हणून. लपूनछपून चाली उचलणाऱ्याला कुठली कंपनी दारात उभी करते?

हौशी जग स्वच्छ आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १९९८ साली ‘द रॅबिट जॉइंट’ नावाच्या एका छोट्या बँडने झेल्डाच्या चालीवर शब्द बसवून गाणे केले. इंटरनेटवर फुकट गाणी वाटण्याच्या त्या काळात कोणीतरी त्यावर ‘सिस्टिम ऑफ अ डाउन’ या बड्या बँडचे नाव चिकटवले. ते नाव इतके पसरले की आजही अनेकांना ते गाणे त्यांचेच वाटते. इथे चूक दुहेरी झाली. चाल बांधणारा कोंडो विसरला गेलाच, त्याच्या चालीवर घाम गाळणारा हौशी बँडही पुसला गेला. नाव लिहिण्याचे कर्तव्य म्हणून पहिल्या कर्त्यापाशी संपत नाही. मधल्या प्रत्येक हाताचे नाव पुढे न्यावे लागते.

‘नावाने पोट भरते का?’ हा प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे. यादीत नाव आल्याने मात्सुमाएला किंवा शिमोमुराला त्या जुन्या कामाचे पैसे मिळू लागत नाहीत. म्हणून पैसा हातात येऊ लागला की नुसत्या नावावर भागत नाही, परवानगी घ्यावी लागते. २०१२ साली ओव्हरक्लॉक्ड रिमिक्सने ‘फायनल फँटसी ६’वरच्या मोठ्या संग्रहाच्या छापील तबकड्यांसाठी किकस्टार्टरवर वर्गणी मागायला सुरुवात केली, तेव्हा स्क्वेअर एनिक्स कंपनीने आक्षेप घेतला. मंडळींनी आरडाओरडा न करता मोहीम मागे घेतली, कंपनीशी बोलणी केली, परवाना घेतला आणि मोहीम पुन्हा सुरू केली. दीड लाख डॉलरहून अधिक जमले. नोबुओ उएमात्सूच्या संगीतावरची चौऱ्याहत्तर गाणी २०१३ साली बाहेर आली आणि ऐकणाऱ्यांना ती फुकटही उतरवून घेता आली. इंग्लंडमध्ये ख्रिस ॲबटने त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, कमोडोरच्या संगीताच्या नव्या तबकड्या काढल्या त्या मूळ संगीतकारांशी रीतसर व्यवहार करून.

अशा वागण्याने काय साधते ते २०१०च्या एका संग्रहात ऐकायला मिळते. ‘डॉन्की काँग कंट्री २’च्या संगीतावर हौशी मंडळींनी तो केला. त्यात एका गाण्यावर नाव आहे डेव्हिड वाइजचे, म्हणजे ज्याने १९९५ साली ते मूळ संगीत केले त्याचेच. सोबतीला ग्रँट कर्कहोप आणि रॉबिन बीनलंड हे त्याचे जुने सहकारी. आपल्या चाली ‘पळवणाऱ्यां’च्या मांडवात तो स्वतः वाद्य घेऊन आला.

तर व्हिडिओ टाकणाऱ्याने खालच्या मजकुरात पहिली ओळ अशी लिहावी: मूळ खेळ, साल, मूळ संगीतकार, मग मधली कोणाची मांडणी उचलली असेल तर त्याचे नाव, आपले नाव त्यानंतर. कंपनीने टोपणनावच दिले असेल तर खरे नाव शोधावे, आणि शोधूनही सापडले नाही तर ‘संगीतकाराचे नाव मिळाले नाही, ठाऊक असल्यास कळवावे’ असे स्पष्ट लिहावे. कोणीतरी कळवतो. जाहिरातीचे पैसे येऊ लागले असतील तर परवान्याची चौकशी करावी. गिटारच्या तारांचा खर्च ज्या वहीत मांडतो त्याच वहीत तोही मांडावा. आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनी डीजेला सुपारी देताना एक अट घालावी की स्वतःचे नाव जितक्या वेळा घेशील, तितक्या वेळा गाणे ज्याचे आहे त्याचेही घे. डीजे कुरकुर करील. आगाऊ रक्कम त्याच्या हातात पडण्याआधी ही अट सांगितली तर ऐकेल.